‘लेट युअर हेअर डाउन’ : एक इंग्रजी वाक्प्रचार नीट शिकायचा तर

इंग्रजी बोलणाऱ्या टीमसोबत नव्याने काम करायला लागलात, की कामाच्या भाषेची धास्ती काही आठवड्यांत जाते. डेडलाइन, डिलिव्हरी, फॉलोअप हे शब्द आपण मराठीतही वापरतच असतो. अडायला होतं ते शुक्रवारी दुपारी, कॉल संपता संपता, सगळे सैलावून बोलायला लागतात तेव्हा. मँचेस्टरची कुणी मॅनेजर हसत म्हणते, “इट्स टाइम वी ऑल लेट अवर हेअर डाउन अ बिट”, बाकीचे हसतात, आणि आपणही उगाच हसतो. वाक्यातला शब्दन् शब्द ओळखीचा असतो, पण वाक्य काही कळत नाही.

मराठी माध्यमातून येऊन ब्रिटिश आणि अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर काम करताना मी असे वाक्प्रचार एकेक करून शिकलो. वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करण्याचा काही उपयोग होत नाही असं माझं मत झालंय. एक घ्या, पण त्याची पाळंमुळं खणा. तो कधी चालतो, कधी चालत नाही, कुणाला म्हणावा आणि कुणाला चुकूनही म्हणू नये, एवढं समजलं की पुढचे दहा आपोआप सोपे जातात. म्हणून इथे एकच घेतलाय. खाली दिलेल्या क्रमानेच जा. तिसरी पायरी घाईत असाल तर वगळलीत तरी चालेल, सहावी मात्र वगळू नका.

काय काय लागेल

- एक इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, तोही शिकणाऱ्यांसाठी बनवलेला. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, केंब्रिज, लाँगमन किंवा कॉलिन्स कोबिल्ड, यांपैकी कुठलाही. सगळे नेटवर फुकट बघता येतात.
- अमेरिकन वापर तपासायला मेरियम-वेबस्टर.
- यूग्लिश नावाचं संकेतस्थळ. शब्दसमूह टाकला की तो ज्या यूट्यूब व्हिडिओंमध्ये उच्चारला गेलाय, नेमक्या त्या जागा एकामागून एक ऐकवतं.
- एक वही. फोनमधल्या नोंदी नकोत. त्या आपण पुन्हा उघडत नाही.
- कंटाळा न करता चुका सांगणारा एखादा मित्र. मिळाला तर उत्तमच.

इंग्रजी-मराठी शब्दकोश या कामासाठी बाजूला ठेवा. त्यात ‘मौजमजा करणे’ असं काहीतरी दोन शब्दांत मिळतं आणि तिथेच आपलं शिकणं थांबतं. शिकणाऱ्यांच्या कोशांची गोष्ट वेगळी आहे. ए. एस. हॉर्नबी हे इंग्लंडमधून जपानमध्ये जाऊन इंग्रजी शिकवणारे शिक्षक. परक्या विद्यार्थ्याला नेमकं काय अडतं हे वर्गात पाहून त्यांनी कोश रचला. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. तुम्ही आज उघडता तो ॲडव्हान्स्ड लर्नर्स त्याचाच वंशज. १९८७ मध्ये आलेल्या कोबिल्डने आणखी एक युक्ती केली. त्यात अर्थ पूर्ण वाक्यात देतात, ‘जर तुम्ही अमुक केलंत, तर तमुक होतं’ अशा थाटात. वाक्प्रचारासाठी मला हा कोश सगळ्यांत सोयीचा वाटतो, कारण अर्थाबरोबर वाक्याची ठेवणही हाती लागते.

१. कोशात बरोबर जागी शोधा

पहिला खड्डा इथेच आहे. ऐकताना कानावर ‘लेट अवर हेअर डाउन’ पडतं, कधी ‘लेट हिज हेअर डाउन’, कधी ‘लेट देअर’. तसंच्या तसं शोधलं तर सापडेलच असं नाही. कोशात ते ‘लेट युअर हेअर डाउन’ किंवा जुन्या पद्धतीने ‘लेट वन्स हेअर डाउन’ असं नोंदलेलं असतं. ‘युअर’ किंवा ‘वन्स’ ही फक्त रिकामी जागा आहे, बोलताना ती माणसाप्रमाणे भरायची. छापील कोशात ‘लेट’खाली शोधत बसू नका, ‘हेअर’खाली बघा. वाक्प्रचार सहसा त्यातल्या ठसठशीत नामाखाली असतात.

आणि ‘लेट डाउन’ या नोंदीवर तर अजिबात थांबू नका. ‘ही लेट मी डाउन’ म्हणजे त्याने माझा भरवसा मोडला, ऐन वेळी हात दिला नाही. मधला ‘हेअर’ गळला की मौज जाते आणि तक्रार उरते. एखाद्या मॅनेजरला गडबडीत ‘यू शुड लेट अस डाउन ऑन फ्रायडे’ असं लिहिलंत, तर तो बिचारा चक्रावून जाईल.

२. अर्थाची हद्द आखा

केंब्रिजचा अर्थ मराठीत सांगायचा तर : नेहमीपेक्षा पुष्कळच मोकळेपणाने वागण्याची स्वतःला मुभा देणं आणि मजा करणं. यातल्या ‘नेहमीपेक्षा’ या शब्दाखाली वहीत रेघ मारा. सगळी मेख तिथे आहे.

बहुतेक नवशिके हा वाक्प्रचार ‘आराम करणे’ या अर्थाने वापरतात. रविवारी दिवसभर लोळलो, मालिका बघितली, संध्याकाळी चहा-भजी झाली, हे सांगायला म्हणतात, “ऑन संडे आय लेट माय हेअर डाउन.” इंग्रज माणूस ऐकेल आणि विचारेल, “ओह, व्हेअर डिड यू गो?” कारण त्याच्या डोळ्यांसमोर नाच, गाणी, मित्रमंडळी, गोंगाट आलेला असतो. आराम थकव्यावर असतो. हा वाक्प्रचार थकव्याबद्दल बोलतच नाही. तो बोलतो शिस्तीबद्दल. आधी काहीतरी आवळलेलं हवं : हुद्दा, वय, शिष्टाचार, परीक्षा, महिनाभराचा ताण. मग प्रसंग हवा, आणि त्या प्रसंगापुरतं ते आवळलेलं सुटायला हवं. दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा जसाच्या तसा.

आपल्याकडची चपखल उदाहरणं पाहिजेत तर फार लांब जायला नको. एरवी कुणाला चहालाही न विचारणारे बँकेतले साहेब विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलाच्या तालावर गुलालात माखून नाचतात. घरात ज्यांच्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नाही, ते थोरले काका हळदीच्या दिवशी पोरांच्या घोळक्यात शिरून ठेका धरतात. हेच ते. ‘अंकल रिअली लेट हिज हेअर डाउन ॲट द हळदी.’ वाक्य बिनचूक आहे. काकांना टक्कल असलं तरीही बिनचूकच. केसांचा आणि या वाक्याचा आता काही संबंध उरलेला नाही. पुरुषांना, गटांना, अख्ख्या कंपनीलाही तो लागतो.

उलट तुमचा तो मित्र, जो बारा महिने तेरा काळ टवाळक्या करत फिरतो, तो पार्टीत नाचला तर हा वाक्प्रचार लागू पडत नाही. त्याच्याकडे सोडायला काही बांधलेलंच नव्हतं.

मराठीत याला जवळचं काय? ‘मोकळं होणं’, ‘सैल होणं’, ‘भीडभाड सोडून मजा करणं’. मला ‘भीड सोडणं’ सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण त्यात आधीची भीडही आली. ‘मन मोकळं करणं’ मात्र नको. ते दुःख सांगण्याकडे झुकतं. जुन्या इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, या वाक्प्रचाराला ‘आतलं खरंखुरं बोलून टाकणं’ अशीही छटा होती, आणि जुन्या कादंबऱ्यांत ती भेटते. आज बोलताना ती धरून चालू नका.

३. केसच का?

ही पायरी माझ्या आवडीची आहे. परीक्षेत येणार नाही.

युरोपातल्या प्रतिष्ठित घरांत बाईने चारचौघांत केस मोकळे ठेवून वावरणं शतकानुशतकं असभ्य समजलं जाई. विस्कटलेल्या, गबाळ्या अवतारासाठी इंग्रजीत ‘डिशेव्हल्ड’ हा शब्द आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या पोटात ‘केस’ हाच शब्द आहे. सुरुवातीला त्याचा अर्थ डोकं न झाकलेली, केस सुटलेली व्यक्ती एवढाच होता. केस सुटले म्हणजे माणूसच अव्यवस्थित, असा तो हिशेब.

व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडमध्ये हे शिगेला पोचलं. लहान मुली केस पाठीवर मोकळे सोडत किंवा वेणी घालत. सोळा-अठराच्या सुमारास मुलीचे केस ‘वर’ जात, आणि केस वर बांधले म्हणजे मुलगी आता बाईमाणसांत आली, समारंभांना जाऊ शकते, अशी ती खूण असे. तिथून पुढे दिवसभर डोक्यावर पिनांचा पसारा, खाली भरीव दिसावं म्हणून आत बसवलेल्या गाद्या, वर टोपी आणि ती टोपी टिकावी म्हणून लांबलचक टाचणी. रात्री दार लावून घेतलं की पिना निघत, केस खाली येत, बहीण किंवा दासी कंगवा घेऊन बसे आणि दिवसभर न बोललेलं बोलणं तिथे होई. घराबाहेरच्या कुणाला ते केस मोकळे दिसत नसत. खाली येणाऱ्या त्या केसांबरोबर जे काही सैल व्हायचं, ते भाषेने उचललं. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत बायकांनी केस कापून आखूड केले. बांधायला काही राहिलं नाही, वाक्प्रचार मात्र राहिला.

इथे दोन गैरसमज आडवे येतात.

पहिला रॅपुन्झेलचा. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या जर्मन लोककथांमधली ही मुलगी मनोऱ्यात कोंडलेली असते, आणि चेटकीण खालून ‘केस खाली सोड’ म्हणून हाक मारते. तिथे केस खरोखरच खाली सोडायचे असतात, वर चढायला. वाक्प्रचाराचा उगम त्यात नाही. एक छोटा फरक मात्र तिथून लक्षात ठेवण्यासारखा आहे : रॅपुन्झेलला म्हणतात ‘लेट डाउन युअर हेअर’. शब्दांचा हा क्रम ऐकला की प्रत्यक्ष केसच डोळ्यांपुढे येतात. मौजेसाठी ‘डाउन’ शेवटी.

दुसरा गैरसमज आपला घरचा. मराठीत ‘केस मोकळे सोडले’ म्हटलं की मौज कुणाला आठवत नाही. द्रौपदीची प्रतिज्ञा आठवते, अंगात आलेली बाई आठवते, तिन्हीसांजेला ओरडणारी आजी आठवते. त्यामुळे हा वाक्प्रचार मराठीत शब्दशः आणायचा मोह टाळा. जाहिरातींची आणि मालिकांची भाषांतरं करणाऱ्यांना तर ही हात जोडून विनंती आहे.

४. साचा बसवा

आता वही उघडा आणि हा साचा लिहा : लेट + (माय / युअर / हिज / हर / अवर / देअर) + हेअर + डाउन.

- ‘हेअर’ कायम एकवचनी. आपल्याकडे ‘माय हेअर्स’ सर्रास ऐकू येतं, कारण मराठीत केस अनेक असतात. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून एकच ‘हेअर’. दहा जण नाचले तरी ‘दे लेट देअर हेअर डाउन’.
- ‘द’ चालत नाही. ‘लेट द हेअर डाउन’ ऐकलं की समोरचा केशभूषेबद्दल बोलणं चाललंय असं समजेल.
- ‘लेट’चा भूतकाळ ‘लेट’च. ‘लेटेड’ असा शब्द नाही. ‘शी लेट हर हेअर डाउन’ म्हणजे काल सोडले, ‘शी लेट्स हर हेअर डाउन’ म्हणजे नेहमी सोडते. फरक फक्त त्या ‘स’चा.
- ‘इट्स टाइम’ नंतर रूप भूतकाळाचं असतं आणि अर्थ आत्ताचा, पण इथे दोन्ही रूपं सारखीच असल्याने तुम्ही आयतेच सुटता : ‘इट्स टाइम यू लेट युअर हेअर डाउन.’
- ‘थोडंसं’ म्हणायचं तर ‘अ बिट’ किंवा ‘अ लिटल’ शेवटी. ‘अगदी’ म्हणायचं तर ‘रिअली’ हे ‘लेट’च्या आधी. ‘व्हेरी’ कुठेच नाही.
- कर्मणी प्रयोग करू नका. ‘हेअर वॉज लेट डाउन’ हे वाक्य पार्लरमध्ये शोभेल.

यातलं सगळं पाठ करायची गरज नाही. पहिले तीन मुद्दे पक्के केलेत की बाकीचे ऐकून ऐकून बसतात.

५. कानाला आणि जिभेला लावा

देवनागरीत ‘लेट’ लिहिलं की घोटाळा होतो, कारण ‘गाडी लेट आहे’ मधला ‘लेट’ मराठीत कधीचाच घरचा झालाय. तो लांब आहे. आपला ‘लेट’ तोडून म्हणायचा, एकार अजिबात ताणायचा नाही. ताणलात तर ‘उशिरा’ ऐकू येईल.

पुढे ‘युअर’ आला की सहज बोलताना ‘ट’ आणि ‘य’ एकमेकांत विरघळतात आणि ‘लेच्यर’ असं काहीसं कानावर पडतं. हे ओळखता आलं पाहिजे. तसंच म्हणायला पाहिजे असं काही नाही. सुटं, स्वच्छ ‘लेट युअर’ म्हटलं तरी कुणी हसत नाही. ‘हेअर’मधला ‘र’ इंग्लंडमध्ये इथे जवळजवळ ऐकूच येत नाही, अमेरिकेत चांगला वळलेला ऐकू येतो. ‘हिअर’ आणि ‘हेअर’ यांत मात्र गल्लत नको. आपल्या बोलण्यात ती फार होते. वाक्यात सगळ्यांत जास्त वजन ‘हेअर’वर टाका आणि ‘लेट युअर’ घाईत उरका.

यूग्लिशवर आधी ‘ब्रिटिश’ आणि मग ‘अमेरिकन’ निवडून दोन्ही ऐका. ऐकताना उच्चारावर लक्ष ठेवाच, पण त्याहून जास्त लक्ष द्या बोलणारा कोण आहे आणि कशाबद्दल बोलतोय याकडे. लग्न, सुट्टी, ऑफिसची पार्टी, कॉलेजचं शेवटचं वर्ष हे विषय पुन्हा पुन्हा येतील. काही ठिकाणी खरेखुरे केसच निघतील, विशेषतः केशरचनेच्या व्हिडिओंमध्ये. तेही ऐका. कोणता कुठला हे ओळखणं हा सरावच आहे.

६. कुणाला म्हणायचं, कुणाला नाही

आता मुख्य मुद्दा. व्याकरण चुकलं तर लोक समजून घेतात. माणूस चुकला तर घेत नाहीत.

स्वतःबद्दल म्हणा, बिनघोर. ‘आय नीड टू लेट माय हेअर डाउन’ : प्रोजेक्ट संपलंय, आता काहीतरी धमाल हवी. ‘आय हॅवन्ट लेट माय हेअर डाउन इन एजेस’ : किती दिवस झाले, कुठे गेलोच नाही. इथे कुणाला काही लागत नाही.

‘आपण सगळे’ म्हणून म्हणा, तेही सुरक्षित. निमंत्रणात हा वाक्प्रचार बहुधा याच रूपात येतो.

समोरच्या एका व्यक्तीला सल्ला म्हणून म्हणताना मात्र थांबा. ‘यू शुड लेट युअर हेअर डाउन’ यात ‘तू फार ताठ आहेस’ हे न बोलता बोललेलं असतं. जुन्या मैत्रिणीला चालेल, नुकत्याच ओळख झालेल्या सहकाऱ्याला नाही, वरिष्ठाला तर नाहीच. आणि पुरुषाने ऑफिसातल्या बाईला हे म्हणणं टाळावंच. केसांचा उल्लेख आहे, ‘जरा मोकळी वाग’ असा सूर आहे. हेतू कितीही निर्मळ असला तरी ते ऐकायला बरं वाटत नाही. मला विचाराल तर हा नियम अपवादाशिवाय पाळा.

लिहिताना कुठे चालतो? चॅटवर, टीमला पाठवायच्या हलक्याफुलक्या मेलमध्ये, प्रवासवर्णनात, वृत्तपत्रातल्या रविवारच्या पुरवणीत. कुठे नाही? रजेच्या अर्जात, बायोडेटात, व्हिसाच्या कागदपत्रांत, मुलाखतीत. ‘छंद कोणते’ या प्रश्नाला उत्तर म्हणून तर मुळीच नाही.

थोडं विषयांतर करतो, पण उपयोगाचं. ब्रिटनमधल्या ऑफिसात हा वाक्प्रचार तुम्हाला हमखास भेटेल तो डिसेंबरच्या सुरुवातीला, ‘क्रिसमस डू’च्या निमंत्रणात. ‘डू’ म्हणजे इथे करणे नव्हे, समारंभ. टेबलावर प्रत्येकासमोर एक क्रॅकर ठेवलेला असतो. शेजाऱ्यासोबत दोन टोकांनी ओढायचा, फट्ट आवाज होतो, आतून कागदी मुकुट, एक टुकार विनोद आणि काहीतरी चिमुकली वस्तू निघते. तो मुकुट डोक्यावर घालायचा. डायरेक्टरही घालतात. तुम्ही घातला नाहीत तर शिष्ट दिसाल. ‘सीक्रेट सँटा’, म्हणजे चिठ्ठीत नाव येईल त्याला गुपचूप भेट देण्याचा खेळ, असेल तर भेटवस्तूची किंमत ठरवून दिलेली असते. तिच्या पलीकडे जाऊ नका, महागडी भेट तिथे अवघड वाटते.

शुक्रवारी पबमध्ये जाणं हा याचाच घरगुती अवतार. साध्या पबमध्ये सहसा वेटर टेबलावर येत नाही, काउंटरवर जाऊन मागायचं. ‘राउंड’ची पद्धत असते, म्हणजे एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने. पीत नसाल तर ‘अ लाइम अँड सोडा, प्लीज’ एवढं म्हणा. कुणी कारण विचारत नाही. राउंडमध्ये अडकायचं नसेल तर सुरुवातीलाच ‘आयल गेट माय ओन, थँक्स’. पण एकदा दुसऱ्याच्या राउंडमधलं प्यायलात, मग ते लाइम सोडा का असेना, तर आपली पाळी चुकवू नका. ती गोष्ट लोक बरीच वर्षं लक्षात ठेवतात.

आणि निमंत्रणात काहीही लिहिलेलं असो, ऑफिसच्या समारंभात केस खांद्यापर्यंतच सोडायचे. तिथे पगारवाढ ठरवणारी माणसं असतात, आणि सोमवारी सकाळी तीच माणसं कॉलवर असतात.

७. भावंडांपासून सावध

सैल सोडण्याबद्दल इंग्रजीत भरपूर बोलतात, आणि त्यात ‘लेट’ आणि ‘गो’ हे दोन शब्द इतक्या वेगवेगळ्या जोड्या जमवतात की नवा माणूस गडबडतो. वहीत हे वेगळ्या पानावर लिहा.

‘पुट युअर फीट अप’ : पाय वर करून निवांत बसणं. रविवारच्या लोळण्याला हाच.

‘अनवाइंड’ किंवा ‘वाइंड डाउन’ : दिवसाचा ताण हळूहळू उतरवणं. अंघोळ, पुस्तक, संथ गाणी. गोंगाट नाही.

‘लेट ऑफ स्टीम’ : साठलेला राग किंवा ऊर्जा बाहेर काढणं. वाफेच्या इंजिनातला दाब वाढला की झडपेतून वाफ सोडत, त्यातून आलेला. अमेरिकेत ‘ब्लो ऑफ स्टीम’ म्हणतात. साहेबांवरची भडास मित्राकडे काढलीत तर हा.

‘लेट इट गो’ : जाऊ दे, विषय सोड. जुनं भांडण, कुणाचा टोमणा, हातातून गेलेली बढती, यांच्यासाठी.

‘लेट युअरसेल्फ गो’ : हा दुधारी आहे. नाचताना म्हटलं तर ‘लाजू नकोस, झोकून दे’. पण ‘ही हॅज लेट हिमसेल्फ गो’ म्हणजे त्याने स्वतःकडे लक्ष देणं सोडलंय, सुटलाय, गबाळा झालाय. कुणाच्या तोंडावर म्हणण्यासारखं नाही.

‘लेट समवन गो’ : इथे मजा संपते. ‘वी हॅड टू लेट हर गो’ म्हणजे तिला नोकरीवरून काढावं लागलं. मॅनेजरच्या मेलमध्ये हे दिसलं तर पार्टीचं आमंत्रण समजू नका.

‘लाइटन अप’ : एवढं मनाला लावून घेऊ नकोस. शब्द हलका, पण तोंडावर फेकला तर उद्धट.

‘टेक इट ईझी’ : सावकाश घे, दमू नकोस. अमेरिकेत निरोप घेतानाही म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ फक्त ‘चल, येतो’.

८. स्वतःची परीक्षा घ्या

खालच्या प्रसंगांना ‘लेट युअर हेअर डाउन’ चालेल की नाही ते आधी स्वतः ठरवा, मग पुढचं वाचा.

अ) सीएची फायनल संपवून चार मैत्रिणी गोव्याला गेल्या आणि रात्रभर नाचल्या.
आ) पाठ धरली म्हणून बाबा दिवसभर आरामखुर्चीत बसून होते.
इ) करड्या शिस्तीच्या मुख्याध्यापिकाबाई स्नेहसंमेलनात लावणीवर थिरकल्या.
ई) बहिणीने तुमचा नवा शर्ट इस्त्रीने जाळला, तुम्ही म्हणालात, असू दे.
उ) दर शनिवारी पार्टी करणारा पक्या याही शनिवारी पार्टीला गेला.
ऊ) एरवी कॉलवर कॅमेराही सुरू न करणारा टीममधला मुलगा कराओकेवर किशोरकुमार गायला.

अ, इ आणि ऊ यांना चालेल. ऊ तर नमुनाच आहे. आ साठी ‘पुट युअर फीट अप’, ई साठी ‘लेट इट गो’. उ ला काहीच नको, पक्याचं ते नेहमीचंच आहे.

मग वहीत आपल्या आयुष्यातली तीन खरी वाक्यं लिहा : एक भूतकाळातलं, एक नकारार्थी, एक येत्या महिन्यातलं. काल्पनिक जॉन आणि मेरी नकोत, आपल्या माणसांची नावं घाला. वाक्य घडून गेलेल्या प्रसंगाला बांधलेलं असलं की बोलताना ते आपोआप वर येतं. लिहून झालं की त्या मित्राला दाखवा.

९. प्रत्यक्ष वापरताना

महिन्यातून एकदा वापरलात तरी पुरे. एकाच आठवड्यात तीन बैठकांत तोच वाक्प्रचार आला की तो काल शिकलेला आहे हे लगेच कळतं. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेही तो जपूनच वापरतात, आणि तरुण मंडळींच्या तोंडी तर त्याहून कमी. त्यांच्याकडून ‘चिल’ आणि ‘लेट लूज’ जास्त ऐकाल. आपला वाक्प्रचार थोडा प्रौढ वळणाचा, घरातल्या मावशी-काकूंना शोभणारा आहे. जुनाट मात्र अजून झालेला नाही.

पहिल्यांदा वापरायला सगळ्यांत सोपी जागा म्हणजे दुसऱ्याने वापरला की त्याला उत्तर देणं. कुणी म्हणालं, “होप यू गॉट अ चान्स टू लेट युअर हेअर डाउन ओव्हर द वीकेंड”, तर घाबरून ‘येस, येस’ करून सोडू नका. खरोखर काही धमाल केली असेल तर “आय डिड! माय कझिन्स वेडिंग” आणि मग हळदीतल्या काकांची गोष्ट. काही केलं नसेल तर “नॉट रिअली, आय जस्ट पुट माय फीट अप”. आणि पुढच्या शुक्रवारचा बेत कुणी काढला, तुम्हालाही यायचं असेल, तर “काउंट मी इन” म्हणा आणि किती वाजता, कुठल्या पबला, ते तिथल्या तिथे विचारून घ्या.